गोलकीपरची डावी बाजू

त्याच्या डाव्या डोळ्यात काहीतरी गडबड आहे, हे माझ्या लक्षात आलं ते सायकलवर.

२००५ सालचा जून महिना होता. हूफडॉर्प या डच गावात येऊन आम्हाला दोन वर्षं होत आली होती. नवरा तिथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये, आणि मी त्याच्या परमिटवर आलेली बायको. पुण्यात मी एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट होते. डॉक्टरांच्या आधी पेशंटला तपासायचं, चष्म्याचा नंबर काढायचा, दृष्टीचं क्षेत्र मोजायचं, हे काम पाच वर्षं केलं होतं. इथे माझी पदवी चालत नव्हती. डच येत नव्हतं. सर्टिफिकेटांची फाईल सूटकेसमधून बाहेरसुद्धा निघाली नव्हती.

नवऱ्याच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळणारा एक आयरिश माणूस होता. सदतीस वर्षांचा, उंच, हात एवढे मोठे की कॉफीचा कप त्यात दिसेनासा व्हायचा. मी त्याला इथे गोलकीपरच म्हणणार आहे, कारण आयुष्यभर तो तेच होता. हर्लिंग नावाचा त्यांचा एक खेळ आहे. टोकाला चपटी, रुंद होत गेलेली लाकडी काठी आणि क्रिकेटच्या चेंडूएवढा कडक चेंडू. तो हवेतच मारायचा, हातात झेलायचा, काठीवर तोलत पळायचं. गोलकीपरच्या दिशेनं तो चेंडू कसा येतो, ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते. आणि हा माणूस त्याच्यासमोर उघड्या डोक्यानं उभा राहायचा. मोठ्यांना तेव्हा हेल्मेटची सक्ती नव्हती.

त्यानं तीन वर्षं खपून आमच्या भागात एक टीम उभी केली होती. पाच आयरिश, तीन डच आणि माझा नवरा. नवरा पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेला, झेल चांगले घ्यायचा. ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी संत्रं फेकलं आणि यानं ते एका हातानं पकडलं. एवढ्यावर त्याची टीममध्ये निवड झाली.

त्या रविवारी आम्ही चौघं सायकलनं निघालो होतो. आम्ही दोघं, गोलकीपर आणि त्याची डच बायको. ती गावच्या नगरपालिकेत काम करायची. सरळ बोलणारी, हसायला थोडा वेळ घेणारी. मी गोलकीपरच्या मागे होते. इथे मागून येणारा सायकलवाला डावीकडून पुढे जातो. एक बाई घंटी वाजवून पुढे गेली आणि गोलकीपर इतका दचकला की त्याचं चाक गवतात गेलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग मी नीट बघायला लागले. डावीकडे काही बघायचं असलं की तो नजर वळवत नव्हता, अख्खी मान वळवत होता. हॉस्पिटलमध्ये अशी मान वळवणारी शेकडो माणसं मी पाहिली होती.

घरी येऊन जेवायला बसलो. मी त्याच्या डाव्या हाताशी कोशिंबिरीची वाटी ठेवली. मुद्दाम ठेवली, हे आज कबूल करते. दोन मिनिटांत त्याच्या कोपरानं ती खाली पाडली. त्याची बायको म्हणाली, "हल्ली फार धांदरट झालाय हा." तो हसला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मी बघतेय हे त्याला कळलं.

बुधवारी दुपारी तो एकटाच आला. नवरा ऑफिसात होता. दारातच म्हणाला, "तू डोळ्यांचं काम करायचीस ना? मला तपास."

"माझ्याकडे काही उपकरणं नाहीत. तू हाऊसआर्ट्सकडे जा." हाऊसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर. त्याच्या चिठ्ठीशिवाय हॉस्पिटलचं दार उघडत नाही.

"जाईन. आधी तू सांग."

मी त्याला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं आणि समोर दुसरी खुर्ची घेऊन बसले. "उजवा डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ. माझी बोटं हलताना दिसली की सांग." डाव्या बाजूनं बोटं हलवत हलवत मी हात आत आणत गेले. तो गप्प. हात माझ्या कानापर्यंत आला, गालापर्यंत आला. तो गप्पच. अगदी नाकाजवळ आल्यावर म्हणाला, "आता." वरून, खालून, सगळीकडून तेच. त्या डोळ्याला मधलं नाण्याएवढं वर्तुळ उरलं होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं. दाढी करताना. स्ट्रॉमधून बघितल्यासारखं दिसतं."

"या डोळ्याला कधी मार लागला होता?"

तेव्हा त्यानं मला सगळं सांगितलं. बापाला त्याच्या उंचीचा अंदाज होता, म्हणून आठव्या वर्षीच त्याला गोलमध्ये उभं केलं. विसाव्या वर्षी त्याच्या जिल्ह्याच्या टीममध्ये निवड झाली. तिकडे जिल्ह्याकडून खेळणं ही सगळ्यात मोठी गोष्ट. पण त्याचे पैसे कुणाला मिळत नाहीत. दिवसा तो इलेक्ट्रिशियन म्हणून घरांत वायरी ओढायचा आणि संध्याकाळी सरावाला जायचा. पहिली तीन वर्षं राखीव गोलकीपर म्हणून बाकावरच गेली. थोरला गोलकीपर निवृत्त झाला, याला जागा मिळाली, आणि त्याच हिवाळ्यात सरावात एका सोबत्याच्या काठीचं टोक डाव्या डोळ्यावर बसलं. डोळा आतून रक्तानं भरला. आठवडाभर दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधून हॉस्पिटलात पडून होता. पट्ट्या सुटल्या, दिसायला लागलं, आणि दीड महिन्यात तो परत गोलमध्ये उभा राहिला.

"नंतर डोळ्याचं प्रेशर तपासलंस?"

"दिसत होतं की. कशाला तपासायचं?"

अशा मारानंतर डोळ्याच्या आतला पाण्याचा मार्ग हळूहळू बंद होतो. प्रेशर वर्षानुवर्षं वाढत राहतं. दुखत नाही, लाल होत नाही, नुसती कडेची नजर विझत जाते. मी त्याला हे सांगितलं. हेही सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली वाचवायची तर एक दिवसही थांबू नये.

तो उठून उभा राहिला. "शनिवारी टूर्नामेंट आहे. पहिल्यांदा आमची नऊ माणसं भरलीत. दुसरा गोलकीपर नाही. मी नाही म्हटलं तर टीमच जाणार नाही. सोमवारी सकाळी डॉक्टरला फोन करतो."

"शनिवारी खेळू नकोस."

"सोमवारी जातो म्हटलं ना. माझ्या बायकोला सांगू नकोस. तुझ्या नवऱ्यालाही नको." मग दारात थांबून म्हणाला, "पेशंटचं बाहेर सांगत नाहीत ना तुमच्यात?"

नाही सांगत. हे मी पाच वर्षं पाळलं होतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मी गप्प बसले ते नियमासाठी नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला बायको म्हणून नाही, कामाचं माणूस म्हणून काही विचारलं होतं. तो माझा इथला पहिला पेशंट होता. तो मला गमावायचा नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी नवरा बॅग भरताना म्हणाला, "उद्या मी बचावाला. गोलच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी त्याच्या शेजारी."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "त्याच्या डावीकडे?"

"हो. का?"

"उजवीकडे उभा राहा ना."

तो हसला. "तू कधीपासून टीम लावायला लागलीस?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. टॉवेलची घडी केली. उलगडून पुन्हा केली.

हेगजवळ एका रग्बी क्लबच्या मैदानावर टूर्नामेंट होती. वारा सुटला होता. मी आणि गोलकीपरची बायको गोलच्या मागे चटई टाकून बसलो. मी तिच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही. मी फक्त चेंडू कुठल्या बाजूनं येतोय ते बघत होते. उजवीकडून आला की श्वास सुटायचा. डावीकडून आला की मी गवत मुठीत धरायची. गोलकीपर मात्र हुशारीनं खेळत होता. डाव्या खांबाला चिकटून उभा राहायचा, म्हणजे बहुतेक सगळं उजवीकडेच राहील. अकरा वाजताचा सामना ते जिंकले. दुपारचा दुसराही जिंकले. त्याची बायको म्हणाली, "बघ, आज किती खुशीत आहे." मी मान हलवली.

तिसरा सामना ब्रसेल्सहून आलेल्या टीमशी होता. शेवटची दहा मिनिटं उरली होती आणि बरोबरी होती. लांबून कुणीतरी चेंडू उंच मारला. तो वाऱ्यात अडकला आणि थेट गोलसमोर खाली यायला लागला. गोलकीपर पुढे सरसावला. त्याच वेळी डावीकडून माझा नवरा वर बघत, हात उंच करून, झेलायला धावत आला.

मी उठून उभी राहिले.

गोलकीपरनं काठी फिरवली. चेंडूला लागण्याआधी ती नवऱ्याच्या हाताला लागली. तो आवाज मला अजून येतो. वाळलेली फांदी मोडावी तसा होता. नवरा गुडघ्यांवर बसला, हात पोटाशी धरून.

मी धावत मैदानात गेले आणि ओरडले, "त्याला दिसत नाही! डाव्या बाजूचं दिसत नाही त्याला!"

मराठीत ओरडले. नऊ-दहा माणसं माझ्याकडे बघत होती. कळलं ते फक्त एकालाच. नवऱ्यानं मान वर केली. चेहरा पांढरा पडला होता. तो एकदम हळू म्हणाला, "तुला माहीत होतं?"

रेफरी विचारत होता, ही काय म्हणतेय? गोलकीपर नवऱ्याजवळ वाकला, "माझी चूक, सॉरी, सॉरी," म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. काय म्हणतेय ते शब्द कळले नसले तरी अर्थ कळला होता. त्यानं काठी उचलली आणि तो गोलकडे परत चालायला लागला. दहा मिनिटं. दहाच मिनिटं उरली होती. मी आता "काही नाही, घाबरले" म्हटलं असतं, तर त्यानं ती दहा मिनिटं खेळून काढली असती. नवरा माझ्याकडेच बघत होता.

मी त्याच्या बायकोकडे वळले आणि इंग्लिशमध्ये सांगितलं. एका वाक्यात. डावा डोळा जवळजवळ गेलाय, याला ते माहीत आहे, मलाही माहीत आहे.

तिनं विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"बुधवारपासून."

"आज शनिवार आहे," ती म्हणाली.

मग ती चालत गेली आणि गोलच्या मधोमध गोलकीपरसमोर उभी राहिली. काय बोलली ते ऐकू आलं नाही. फार बोललीच नसावी. त्यानं काठी खांबाला टेकवून ठेवली आणि बाहेर आला. आमच्या टीमनं सामना तिथेच सोडून दिला.

हॉस्पिटलला आम्ही चौघं एकाच गाडीतून गेलो. ती चालवत होती, तो शेजारी. मागे मी आणि नवरा. त्याच्या हाताला ओला टॉवेल गुंडाळला होता. प्रत्येक वळणावर नवरा दात आवळत होता आणि मी त्याला हात लावायला धजत नव्हते. काउंटरवर तिनं डचमध्ये सांगितलं ते मलाही समजलं. दोन पेशंट. एक हाताचा, एक डोळ्याचा.

नवऱ्याच्या उजव्या तळहाताची दोन हाडं मोडली होती. सहा आठवडे प्लास्टर. त्याला आंघोळीपासून बुटाच्या नाडीपर्यंत सगळ्याला माझी मदत लागत होती, आणि तो माझ्याशी कामापुरतं बोलत होता. गोलकीपरवर तो चिडला नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी मी त्याच्या शर्टाची बटणं लावत होते. तो म्हणाला, "तू मला उजवीकडे उभं राहायला सांगितलं होतंस."

"हो."

"म्हणजे तुला भीती वाटली होती. विसरलीस असं नाही. विचार करून गप्प बसलीस."

मी शेवटचं बटण लावलं. नंतर पुष्कळ दिवसांनी, प्लास्टर निघायच्या आधी, गोलकीपर माझा इथला पहिला पेशंट होता म्हणून मी गप्प बसले हे त्याला सांगितलं, ते असंच, भांडी घासताना, त्याच्याकडे पाठ करून. तो ऐकून घेऊन म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंस तर बरं झालं असतं." माफ केलं असं तो म्हणाला नाही. पण त्या दिवशी त्यानं डाव्या हातानं सगळी भांडी पुसली.

गोलकीपरच्या डोळ्याचं निदान मी म्हणाले होते तेच निघालं. थेंब सुरू झाले, ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं. उरलेलं वर्तुळ वाचलं. उजवा डोळा चांगला होता. खेळ मात्र कायमचा बंद. त्याची बायको मला रस्त्यात भेटली की थांबायची, हवापाण्याचं बोलायची आणि निघायची. पूर्वीसारखं घरी बोलावणं आलं नाही.

ऑक्टोबरमध्ये तो आमच्याकडे आला. नवरा घरी होता. मी चहा टाकला. तो म्हणाला, डॉक्टरांच्या मते नुकसान फार जुनं आहे, दहा वर्षांहून अधिक. नवऱ्यानं मला नंतर सांगितलं की ऑफिसात सगळ्यांना त्याचा एक जुना किस्सा माहीत होता. जिल्ह्याकडून खेळताना, सेमीफायनलच्या शेवटच्या मिनिटाला, एक लांबून आलेला साधा चेंडू त्यानं गोलमध्ये जाऊ दिला होता. त्यांचा जिल्हा हरला. त्यानंतर वर्षभरात त्यानं देश सोडला.

मला तेव्हा हे माहीत नव्हतं. त्या दिवशी त्यानं एवढंच सांगितलं, की जिल्ह्याच्या एका मोठ्या सामन्यात त्याच्या हातून शेवटचा गोल गेला, आणि तो चेंडू डावीकडून आला होता. मी लगेच म्हणाले, "मग तेव्हाही कदाचित डोळाच. तुझी चूक नसेल."

मला वाटलं, त्याला हेच ऐकायचं असेल. त्यानं कप खाली ठेवला.

"नाही," तो म्हणाला. "मला दिसला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसला. पुढे जाऊ की थांबू, हे मला ठरवता आलं नाही. मी थांबलो."

नवऱ्यानं त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

"आणि नंतर ड्रेसिंग रूममध्ये मी म्हणालो, आमचा बचावाचा खेळाडू माझ्या आड आला. सगळ्यांनी मानलं. त्याला पुढच्या वर्षी टीममधून काढलं. शेतकरी आहे तो. माझ्याच गावचा. लहानपणी आम्ही एकाच गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारायचो." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हॉस्पिटलमधून निघालो तेव्हा वाटलं, आता हे डोळ्यावर घालता येईल. आता कुणी काही म्हणणारही नाही. दोन महिने तेच करत होतो. आईला फोनवर सांगूनही टाकलं."

"मग?" नवऱ्यानं विचारलं.

"मग आज तुला टाईप करताना बघितलं. तुझी दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत."

पुढच्या आठवड्यात तो विमानानं गावी गेला. चार दिवसांनी परत आला, आणि सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून नवऱ्याबरोबरच आमच्या घरी आला. कोट न काढताच बोलायला लागला. तो मित्राच्या शेतावर गेला होता. मित्र गाई आत घेत होता. यानं तिथेच, फाटकाशी उभं राहून सगळं सांगितलं. मित्रानं शेवटची गाय आत घातली, फाटक लावलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं. मी तुझ्या आड नव्हतो हे मला माहीत असणारच ना."

"बस, एवढंच?" मी विचारलं.

"मी म्हणालो, मग तू बोलला का नाहीस? तो म्हणाला, तू बोलशील म्हणून वाट बघत होतो. दोन-तीन वर्षं बघितली. मग सोडून दिली." गोलकीपरनं नाक पुसलं. "मला वाटलं होतं, तो मारेल. मारायला हवं होतं त्यानं."

मित्रानं त्याला घरात बोलावलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मित्राची बायको याच्या आईकडे अंडी घेऊन आली, आणि जाताना म्हणाली, तो काल जेवला नाही, रात्रभर जागा होता. याचा अर्थ काय घ्यायचा, हे गोलकीपर आम्हाला विचारत होता. आम्हाला तरी काय सांगता येणार? नवऱ्यानं त्याच्या अंगावरचा कोट काढून खुंटीला टांगला. मी तांदूळ धुवायला घेतले. तो जेवून गेला.

नाताळात तो पुन्हा गावी गेला आणि पुन्हा त्या शेतावर जाऊन आला. त्या वेळी मित्रानं त्याला गोठ्यातली वायरिंग दाखवली. जुनी झाली होती. दोघांनी मिळून दोन दिवसांत ती बदलली. खेळाबद्दल एक शब्द निघाला नाही, असं तो म्हणाला.

जानेवारीत मी डचच्या क्लासला नाव घातलं. पहिल्या दिवशी फॉर्मवर "व्यवसाय" असा रकाना होता. मी "ऑप्टोमेट्रिस्ट" लिहिलं, आणि शिक्षिकेनं तो शब्द मोठ्यानं वाचून सगळ्या वर्गाला समजावून सांगितला.